शॉर्टपास विरुद्ध कुलूप

उद्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आमच्या गल्लीतल्या १६ पोरांच्या स्पर्धेची फायनल आहे. स्पर्धा फुटबॉलची, पण मैदान नाही, चेंडू नाही, चिखल तर नाहीच. टीव्हीला जोडलेलं प्लेस्टेशन, दोन कंट्रोलर (मी त्यांना रिमोट म्हटलं की पोरं हसतात) आणि एका मित्राच्या घरातली वरच्या मजल्यावरची खोली, जिथं एरवी पापड-सांडग्यांचे डबे असतात. पोरं या खेळाला अजून ‘फिफा’च म्हणतात. ते नाव खरं तर २०२३ साली गेलं. ईए कंपनी आणि फिफा यांचं १९९३ पासूनचं जमलेलं मोडलं आणि खेळ ‘एफसी’ या नावानं येऊ लागला. पण आमच्याकडे एकदा नाव पडलं की पडलं.

सामन्याआधीचा ‘आढावा’ मी लिहून द्यायचा, असा पोरांचा हुकूम आहे. का, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्या गावात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस अशी नावं एकमेकांसमोर उभी राहिली की निम्मं गाव दुकानं सोडून तिकडे. आणि सामन्याच्या आधी चौकातल्या फलकावर खडूनं चार ओळी. कुणाचा बचाव भक्कम, कुणाची आघाडी फळी तिखट, कुणाला मागच्या वेळी कसं धुतलं. माझं अक्षर बरं होतं आणि मी शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून आमच्या चौकातला फलक बरीच वर्षं माझ्याकडे होता. आता फ्लेक्स आले, खडू गेला. पण पोरांनी कुठून तरी जुना फळा पैदा केलाय आणि ‘सर, आठ ओळी. जास्त नको, कोण वाचत नाही’ अशी अटही घातली आहे.

आठ ओळी लिहून झाल्या. पण त्या आठ ओळींत जे बसलं नाही आणि जे मुद्दाम बसवलं नाही, ते आज शनिवारी रात्री इथं लिहितो आहे. हा मजकूर सामना संपेपर्यंत कुणाला दाखवणार नाही. कारण पुढे कळेल.

फायनलला आलेल्या दोघांची खरी नावं देत नाही. दोघंही अजून अठराच्या आतले आहेत. गल्लीनं त्यांना ठेवलेली नावं पुरेशी आहेत. एकाचं नाव ‘शॉर्टपास’. हा माझा नातू. दुसऱ्याचं ‘कुलूप’. हा मागच्या बोळात राहतो, वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत.

नावांवरूनच खेळ कळतो. शॉर्टपास चेंडू सोडत नाही. गोलरक्षकापासून सुरुवात करून बॅक, मग मधला, पुन्हा बॅक, मग बाजूला, असा दहा-बारा पासांचा गोफ विणत तो पुढे सरकतो. समोरचा कंटाळून जागा सोडतो, आणि तिथंच हा चेंडू घालतो. त्याचे गोल बघायला खरंच सुंदर असतात. डीच्या आत येऊनसुद्धा फटका मारायच्या ऐवजी आणखी एक पास, मागे वळवलेला, आणि मोकळ्या जाळीत हळूच ढकललेला चेंडू.

कुलूपचं उलटं. त्याला चेंडू नकोच असतो. त्याची बचावफळी पेनल्टी डीच्या तोंडाशी बसते आणि हलत नाही. या खेळात एका वेळी तुम्ही एकच खेळाडू हातानं चालवता, बाकीचे दहा यंत्र चालवतं. नवखा पोरगा काय करतो? चेंडू जवळ दिसला की बॅकला घेऊन धावत सुटतो, बटण दाबून पाय घालतो आणि त्याच्या मागे जे भगदाड पडतं त्यातून गोल खातो. कुलूप बॅकला हात लावत नाही. तो मधल्या फळीतला एक खेळाडू धरतो आणि त्याला फक्त आडवा, आडवा, आडवा नेतो. वाट बंद करतो, चेंडू काढून घ्यायला जात नाही. समोरच्यानं चूक केली की तीन पासांत पलीकडच्या डीमध्ये. उपान्त्य सामन्यात त्याच्याकडे चेंडू जेमतेम तिसरा हिस्सा वेळ होता आणि तो १-० नं जिंकला.

फायनलला दोघांनीही एकच संघ घ्यायचा, असा नियम पोरांनी केला आहे. रिआल माद्रिद विरुद्ध रिआल माद्रिद, एक पांढऱ्या जर्सीत आणि एक बाहेरगावी घालायच्या. मला हा नियम फार आवडला. खऱ्या फुटबॉलमध्ये एखादा संघ बचाव का करतो, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘त्यांच्याकडे तसे खेळाडू नाहीत’ हेच असतं. इथं ती पळवाट नाही. तेच अकरा, तोच वेग, तोच दम. फरक उरतो तो दोन पोरांच्या दहा-दहा बोटांत.

मग हा फरक आला कुठून? गल्लीचं उत्तर तयार आहे. शॉर्टपास ‘क्लास’ आहे आणि कुलूप ‘रडीचा’ खेळतो. इंग्रजी व्हिडिओ बघणारी पोरं त्याला ‘रॅट’ म्हणतात, म्हणजे उंदीर. परवा एकानं माझ्यादेखत त्याला तोंडावर म्हटलं, ‘जिंकतोस रे, पण खेळत नाहीस.’ कुलूप काही बोलला नाही. मला मात्र ते लागलं.

मी दोघांनाही लहानपणापासून बघतोय. नातवाला त्याच्या बापानं दहावीच्या आधीच प्लेस्टेशन घेऊन दिलं. त्याच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून तो खेळतो. हरला की दुसरा सामना, बिघडलं की पुन्हा सुरू. एखादी चाल जमेपर्यंत पन्नासदा करून बघायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अशा घरात शॉर्टपास उगवतो. हे त्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. मेहनत त्यानंही केली आहे आणि सुंदर खेळावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

कुलूप शिकला गेम पार्लरमध्ये. तिथं तासावर पैसे, आणि पोरांचा आपसातला कायदा असा: हरला तो उठला, आणि हरला त्यानं बिल दिलं. खिशात चाळीस रुपये घेऊन आलेला पोरगा पहिल्याच सामन्यात हरला तर चाळीस रुपये गेले आणि उरलेली दुपार दाराशी उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघण्यात गेली. जिंकत राहिला तर त्याच चाळीस रुपयांवर, किंवा एक रुपयाही न देता, संध्याकाळपर्यंत खुर्ची त्याची. मला सांगा, अशा ठिकाणी दहा पासांचा गोफ कोण विणेल? प्रत्येक पास म्हणजे चेंडू जाण्याची एक संधी, चेंडू गेला की गोल, गोल झाला की चाळीस रुपये. कुलूपनं तिथं आधी न हरणं शिकून घेतलं. जिंकणं त्याला मागाहून आलं. त्याच्या बचावाला पोरं भित्रेपणा म्हणतात, पण तो हिशोब आहे, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी स्वतःच्या खिशातून शिकलेला हिशोब आहे.

कोल्हापूरच्या मातीचाही यात दोष आहे म्हणा. आम्हाला वाट बघणारा गडी आवडत नाही. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ साली बांधलं, तेव्हापासून इथल्या प्रेक्षकाला कुस्ती निकाली हवी. गुणांवर जिंकलेल्या मल्लाला टाळ्या पडतात, पण खांद्यावर घेतात ते चितपट करणाऱ्याला. तीच नजर आम्ही फुटबॉलला लावतो. चढाया हव्यात, गोल हवेत. ०-० सुटलेल्या सामन्यातल्या बॅकचं नाव दुसऱ्या दिवशी किती जणांना आठवतं?

फलकावर मी म्हणूनच २०१० चा दाखला दिला आहे. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत बार्सिलोना आणि इंटर मिलान समोरासमोर आले. बार्सिलोना म्हणजे तेव्हा शॉर्टपासचं विद्यापीठच. पहिला सामना २० एप्रिलला मिलानमध्ये. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद पडलेली, म्हणून बार्सिलोनाचा संघ बसनं गेला होता. इंटरनं तो सामना ३-१ नं जिंकला. (हे विसरलं जातं. इंटरनं नुसता बचाव केला नव्हता, तीन गोलही मारले होते.) दुसरा सामना २८ एप्रिलला बार्सिलोनात. २८व्या मिनिटाला मोट्टाला लाल कार्ड, आणि पुढचा तासभर इंटरचे दहा जण. गोल करण्यासाठी जन्मलेला एटो त्या रात्री जवळजवळ बॅक होऊन खेळला. ८४व्या मिनिटाला पिकेनं एक गोल केला, दुसरा काही झाला नाही. इंटर तो सामना १-० नं हरला आणि ३-२ च्या बेरजेनं फायनलला गेला. तिथं २२ मे रोजी माद्रिदमध्ये बायर्न म्युनिकला २-० नं हरवून चषकही नेला. त्या रात्री एटोला कुणी भित्रा म्हणू शकेल का? मी तो सामना जागून पाहिला होता आणि सकाळी पहिल्या तासाला फळ्यावर तारीख चुकीची लिहिणाऱ्या सहकाऱ्याला सगळं वर्णन ऐकवलं होतं. असो.

पोरांना आढाव्यात आणखी एक गोष्ट हवी होती, टक्केवारी. ‘सर, सत्तर-तीस लिहा, नाहीतर साठ-चाळीस. सगळीकडे असतंय.’ सगळीकडे म्हणजे कुठं, ते त्यांनीच मोबाइलवर दाखवलं. कुठल्या तरी देशात कुणीतरी टोपणनावानं आठ-आठ मिनिटांचे असले सामने दिवसरात्र खेळतंय, आणि प्रत्येक सामन्याचा ‘आढावा’ तयार. हा आक्रमक, तो बचावात्मक, मागच्या पाचांत तीन विजय, शक्यता इतकी टक्के. वाचायला अगदी अभ्यासपूर्ण. फक्त खाली पैसे लावायचं बटण. आमच्या तरुणपणी मटक्याचे आकडे काढणारे असेच वहीत तक्ते मांडून बसायचे आणि त्यांच्या तोंडीही ‘अभ्यास’ हाच शब्द असायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली, ते बरं झालं. पण कायदा गल्लीच्या वरच्या खोलीत येत नाही. मी टक्केवारी लिहिली नाही. ज्या पोरांना मी नावानं ओळखतो त्यांचा भाव मी फळ्यावर काढणार नाही, एवढंच सांगितलं. दोघा-तिघांची तोंडं पडली, त्यावरून काय ते मी समजलो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी फलकावर नाही.

उपान्त्य सामन्याच्या वेळी मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. खेळ सुरू व्हायच्या आधी कुलूप म्हणाला, ‘टीव्हीचा आवाज बंद करूया की. त्या कॉमेंट्रीनं डोकं उठतंय.’ कुणाची हरकत नव्हती. आवाज बंद झाला. आणि मग मी खेळाऐवजी कुलूपकडेच बघत राहिलो, कारण त्याचं डोकं किंचित कललेलं होतं. डावा कान समोरच्या पोराकडे. ३६ वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा केलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की कळते, मुलगा बघतोय की ऐकतोय. हा ऐकत होता.

काय ऐकत होता? बोटं. दोघं एका सतरंजीवर हातभर अंतरावर बसतात. पासचं बटण हलकं वाजतं, टक्, टक्, टक्. पण कंट्रोलरच्या वरच्या कडेला डाव्या तर्जनीखाली एक बटण असतं, ते दाबलं की आपला दुसरा खेळाडू चेंडूविना पुढे पळत सुटतो. त्याचा आवाज वेगळा, जरा कोरडा, कट्. म्हणजे समोरच्याच्या मनात पुढे चेंडू घालायचं आलं की पडद्यावर काही दिसायच्या आधी त्याची तर्जनी ते सांगून टाकते. कुलूप तेवढ्या अर्ध्या क्षणात आपला माणूस त्या वाटेवर नेऊन ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, याला अंतर्ज्ञान आहे.

सामना संपल्यावर त्याला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं. आधी गप्प. मग हसला. पार्लरमध्ये चारी बाजूंनी कालवा असतो, तिथं हे कसं शिकलास, असं मी विचारलं. म्हणाला, ‘दुपारी दोन-अडीचला कोण नसतंय सर. आणि तिथले कंट्रोलर जुने, लई वाजत्यात.’

त्याच वेळी मी त्याच्याकडून परवानगी मागितली. फलकावर पार्लरचं लिहू का, हरला तो बिल देतो वगैरे? मला वाटलं होतं त्याला संकोच वाटेल, घरची परिस्थिती अशी चौकात मांडलेली कुणाला आवडते? तो म्हणाला, ‘पैशाचं लिवा की सर, त्यात काय लाजायचं? कानाचं तेवढं लिवू नगासा.’

मी शब्द दिला.

आता अडचण बघा. ज्याच्याविरुद्ध हा कान लागणार तो माझा नातू. गुरुवारी जेवताना त्यानं विचारलंच, ‘आबा, तुम्ही त्याची सेमी बघितली ना? तो चाल आधीच कशी ओळखतो?’ मी भाकरी मोडत म्हटलं, ‘तू बघ, तुला काय दिसतं ते.’ सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याच पोराला मदत करत नाहीत म्हणजे काय, असं ते पाहणं होतं. नातू दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी जरा तुटक होता. पण दिलेला शब्द हा गल्लीतल्या फायनलपुरता असला तरी शब्दच. शिवाय दुसरीही एक बाजू आहे. नातवाची एक खोड मलाच ठाऊक आहे. गोल खाल्ला की पुढची दोन मिनिटं तो सगळा शॉर्टपास विसरतो आणि लांब-लांब चेंडू मारतो. हेही मी कुलूपला सांगितलेलं नाही.

ही फसवणूक आहे का, याचा मी बराच विचार केला. मला नाही वाटत. गोलरक्षक पेनल्टी मारणाऱ्याच्या कमरेकडे आणि टेकलेल्या पायाकडे बघतो. आमचे वस्ताद सांगायचे, समोरच्याचा श्वास ऐक, डाव टाकायच्या आधी तो बदलतो. कुलूपचा कान त्याच जातीचा. मोठ्या स्पर्धांत मात्र त्याचं हे शास्त्र चालणार नाही. तिथं दोघांच्याही कानांवर जाड हेडफोन असतात. तिथं पोचायचं असेल तर त्याला उरलेलं डोळ्यांनी शिकावं लागेल.

पण मोठ्या स्पर्धांवरूनच मला वाट सापडली. शुक्रवारी संध्याकाळी पोरांत वाद सुरू झाला. फायनलला आवाज मोठा ठेवायचा, प्रेक्षकांचा गलका, कॉमेंट्री, सगळं पाहिजे, असं बहुतेकांचं म्हणणं. कुलूपचं म्हणणं, बंद. नातू म्हणाला, मला दोन्ही चालतं, पण फायनल मुकी कशी खेळायची? आणि सगळे माझ्याकडे वळले. ‘सर, तुम्ही ठरवा.’ म्हणजे खोलीत मी एकटाच असा, ज्याला ठाऊक होतं की आवाज सुरू ठेवला तर नातवाचं पारडं जड आणि बंद केला तर कुलूपचं. बाकीच्यांना तो नुसता करमणुकीचा प्रश्न वाटत होता.

मी त्यांना या खेळाच्या विश्वचषकाची गोष्ट सांगितली. ती स्पर्धा २००४ साली झुरिकमध्ये सुरू झाली. २०१८ आणि २०१९ ची फायनल लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये झाली, विजेत्याला अडीच लाख डॉलर. दोन्ही वर्षी फायनल दोन सामन्यांची होती, एक एक्सबॉक्सवर आणि एक प्लेस्टेशनवर, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल. कारण ज्याचा हात ज्या यंत्रावर बसलेला, ते त्याचं घरचं मैदान. २०१८ ला सौदी अरेबियाच्या मुसैद अल-दोसरीनं बेल्जियमच्या स्टेफानो पिन्नाला दोन्ही सामन्यांत २-० असं हरवलं, तिथं यंत्राचा प्रश्नच उरला नाही. पण २०१९ ला हाच अल-दोसरी पुन्हा फायनलला आला आणि समोर जर्मनीचा मोहम्मद हरकूस. पहिला सामना १-१, दुसरा हरकूसनं २-१ नं घेतला, बेरीज ३-२. एकच सामना एकाच यंत्रावर झाला असता, तर ज्याचं यंत्र नाही त्याच्या मनात रुखरुख राहिलीच असती.

‘आपणही दोन सामने घेऊ,’ मी म्हटलं. ‘सहा-सहा मिनिटांचे अर्ध, पहिला सामना आवाज सुरू ठेवून, दुसरा बंद करून. दोन्हींचे गोल मिळवायचे.’ यंत्र बदलायचं सोडून आवाज कशाला बदलायचा, हे कुणी विचारलं नाही. ‘वर्ल्डकपमध्ये पण दोन असतात’ एवढ्यावर पोरं खूश झाली. कुलूपनं मात्र माझ्याकडे एक क्षणभर रोखून पाहिलं आणि मान हलवली.

तर अंदाज. पहिल्या सामन्यात गोंगाट असेल, कुलूपचा एक हातच बांधलेला असेल, पण त्याची बचावफळी कानावर उभी नाही, शिस्तीवर उभी आहे. शॉर्टपासला घाई करून चालणार नाही. पूर्वार्धात गोल झाला नाही तर तो बाजूनं आत घुसायचा प्रयत्न करील, आणि तिथंच चेंडू गमावण्याचा धोका. तरी पहिला सामना मी २-१ असा शॉर्टपासच्या नावावर धरतो. तो दुसरा गोल फार उशिरा येईल.

दुसरा सामना मुका. एका गोलानं मागे असलेल्या कुलूपला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पुढे यावं लागेल, आणि बघण्यासारखं काही असेल तर ते हेच. पार्लरमध्ये त्यानं आघाडी राखायला शिकून घेतलंय. पिछाडीवरून खेळायची वेळ त्याच्यावर फारशी आलेली नाही. पण नातवाची तर्जनी त्या शांततेत कट् कट् वाजणार आहे. एखादा चेंडू कुलूप हमखास अडवेल, तीन पासांत पलीकडे जाईल, आणि गोल. मग नातवाची ती दोन मिनिटं. ती त्यानं निभावली तर १-०, नाही तर २-० सुद्धा होईल. मी १-० धरतो.

म्हणजे बेरीज २-२ आणि टायब्रेकर, पाच-पाच पेनल्ट्या. फलकावर शेवटच्या ओळीत मी ‘निकाल टायब्रेकरवर जाण्याची दाट शक्यता’ असंच लिहिलं आहे. टायब्रेकरला आवाज सुरू ठेवायचा की बंद, हे अजून कुणी विचारलेलं नाही आणि मीही ठरवलेलं नाही.